जुनी गाडी एकदा रॅम्पवर चढवून पाहा : परिवहन आयुक्तांना खुले पत्र

मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, यांस

विषय : खासगी मोटारींची नोंदणी नूतनीकृत करताना गाडी खालच्या बाजूने तपासून मालकास लेखी अहवाल देण्याबाबत.

महोदय,

मी कोकण किनाऱ्यावरील एका खेड्यात राहणारा निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये घेतलेली पेट्रोलवरची एक छोटी मोटार माझ्याकडे आहे आणि आजही ती वापरात आहे. जुनी गाडी दुरुस्त करून ठेवावी की काढून टाकावी, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत माझ्या घरात, शेजारात आणि ओळखीच्या अनेक कुटुंबांत आला. प्रत्येक ठिकाणी मला एकच गोष्ट दिसली. हा निर्णय घेताना गाडीचे वय सर्वांना ठाऊक असते, तिला येणारी किंमत ठाऊक असते, परंतु तिची खरी अवस्था कोणालाच ठाऊक नसते आणि ती सांगण्याची सोयही कोठे नाही. ती सोय आपल्या खात्याला करता येण्यासारखी आहे, म्हणून हे पत्र.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर ती दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. माझ्या गाडीची पंधरा वर्षे २०२३ च्या फेब्रुवारीत पूर्ण होत होती. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले आहे, ते मी भरले. राज्याचा पर्यावरण कर म्हणून पेट्रोल मोटारीचे पाच वर्षांचे तीन हजार रुपये भरले. विमा आणि पीयूसी, म्हणजे धूर तपासणीचे प्रमाणपत्र, हाताशी होतेच. ठरल्या दिवशी गाडी घेऊन परिवहन कार्यालयाच्या आवारात गेलो. निरीक्षकांनी दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर आणि सीट बेल्ट पाहिले. बॉनेट उघडून चेसी क्रमांकावर कागद ठेवला, त्यावरून पेन्सिल घासून क्रमांकाचा ठसा घेतला आणि तो कागदपत्रांशी ताडून पाहिला. हे सारे दहा मिनिटांत झाले. पाहायला सांगितलेले सर्व त्यांनी पाहिले, त्यामुळे त्यांच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. काही दिवसांनी नवे नोंदणीपत्र टपालाने घरी आले आणि त्यावर फेब्रुवारी २०२८ पर्यंतची मुदत होती. सरकारने गाडी तपासली आणि आणखी पाच वर्षे चालवायला हरकत नाही असे सांगितले, असाच त्या कागदाचा अर्थ मी आणि माझ्या पत्नीने घेतला. माझ्या जागी कोणीही असता तरी तोच अर्थ घेतला असता.

त्याच वर्षी पावसाळा संपल्यावर गाडीच्या पुढच्या बाजूने खड्ड्यात कडकड आवाज येऊ लागला, म्हणून मी ती आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांच्याकडे रॅम्प नाही, मातीत खोदलेला आणि कडेने जांभा दगड लावलेला खड्डा आहे. गाडी त्यावर उभी करून ते खाली उतरले, बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग मला म्हणाले, "सर, जरा खाली येऊन बघा." त्यांनी बॅटरीच्या उजेडात एका हाताने छोटी हातोडी घेऊन चालकाच्या पायाखालच्या पत्र्यावर मागून पुढे ठोके दिले. मागे आवाज टणटणीत येत होता. पुढे येता येता तो मऊ झाला आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा बद्द आला. तिथे त्यांनी स्क्रूड्रायव्हरचे टोक फक्त टेकवले आणि ते आत गेले. वरचा काळा लेप शाबूत होता, त्याच्या आतला पत्रा उरलाच नव्हता. दाराखालच्या पोकळ पट्टीची तीच गत होती. ज्या ठिकाणी पुढच्या चाकाचा लोअर आर्म बसतो, त्याच्या मागच्या बाजूलाही गंज पोहोचला होता.

हे कसे झाले, तेही त्यांनी दाखवले. पुढच्या काचेच्या बुडाशी पाणी वाहून जाण्याची वाट असते. आमची गाडी पंधरा-सोळा पावसाळे आंब्याखाली उभी राहिलेली. पाने कुजून ती वाट बुजली, पाणी आतल्या बाजूने पाझरू लागले आणि रबरी मॅटच्या खालचा गालिचा वर्षातले चार महिने ओला राहिला. आम्ही मॅट झाडत होतो, गालिचा उचलून कधी पाहिला नाही. खालून जांभ्याच्या तांबड्या चिखलाने पट्टीतली निचऱ्याची भोके बंद केली होती. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि समुद्राची खारी हवा बाराही महिने असते. अशा ठिकाणी पत्रा आतून बाहेर गंजत येतो. बाहेरचा रंग फुगून आल्यावर मालकाला जेव्हा गंज दिसतो, तेव्हा आतले काम बरेचसे आटोपलेले असते.

महोदय, ही गाडी फेब्रुवारीत पाच वर्षांसाठी योग्य ठरली होती आणि ऑक्टोबरमध्ये तिच्या तळात स्क्रूड्रायव्हर जात होता. आठ महिन्यांत एवढा पत्रा जात नाही. ज्या दिवशी तिच्या चेसी क्रमांकाचा ठसा घेतला गेला, त्या दिवशीही तळ असाच होता. फक्त कोणी वाकून पाहिला नव्हता, कारण तसे पाहण्याची अपेक्षा त्या तपासणीत कोणी ठेवलेली नाही.

त्यानंतरचा आठवडा आमच्या घरात कठीण गेला. मिस्त्रींनी सांगितलेला खर्च असा होता : सडलेला पत्रा कापून नवीन पत्रा वेल्ड करणे, दोन्ही पट्ट्या आणि गंजरोधक लेप मिळून चौतीस हजार, लोअर आर्म, बुश आणि पुढचे शॉकअप तेरा हजार, ब्रेकच्या डिस्क, लायनर आणि मागच्या चाकांचे सिलिंडर अकरा हजार. एकूण अठ्ठावन्न हजार रुपये. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारे एक गृहस्थ गाडी आहे त्या स्थितीत पंचेचाळीस हजारांना न्यायला तयार होते. गाडीच्या किमतीपेक्षा दुरुस्तीच जास्त, मग विचार कसला करता, असे मुलाने मुंबईहून फोनवर विचारले. बहुतेक लोक याच हिशेबाने गाडी काढून टाकतात.

मी गणिताचा शिक्षक होतो, म्हणून मी तो हिशेब पुन्हा मांडला. दुरुस्तीचा खर्च आणि गाडीची विक्रीची किंमत यांची तुलना अपघातात सापडलेल्या गाडीसाठी योग्य असते. दुरुस्ती विमामूल्याच्या पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की विमा कंपन्या गाडी पूर्ण नुकसानीत धरतात, ते त्यासाठीच. परंतु मला गाडी विकायची नव्हती, वापरायची होती. म्हणून खरी तुलना अशी करायला हवी होती की, पुढच्या प्रत्येक वर्षी ही गाडी मला किती रुपयांना पडेल आणि तिच्या जागी येणारी गाडी किती रुपयांना पडेल. नवीन छोटी गाडी साडेसहा लाखांची धरली आणि विम्यासाठी घसाऱ्याचे जे कोष्टक वापरतात, त्याप्रमाणे पाचव्या वर्षाअखेर तिचे मूल्य निम्मे धरले, तर पाच वर्षांत सव्वातीन लाख म्हणजे वर्षाला पासष्ट हजार रुपये केवळ घसाऱ्यात जातात. कर्जाचे व्याज आणि पूर्ण विमा त्यावर वेगळा. उलट अठ्ठावन्न हजारांच्या दुरुस्तीने गाडी चार वर्षे चालली, तर वर्षाला साडेचौदा हजार पडतात. त्यात विक्रीतून येणारे पंचेचाळीस हजार सोडून दिल्याचा भार मिळवला आणि एखादी क्लच प्लेट, एखादा रेडिएटर, टायरचा संच असा किरकोळ खर्च वर्षाला दहा हजार धरला, तरी पारडे दुरुस्तीकडेच झुकते. सेवानिवृत्तिवेतनावर जगणाऱ्या दोन माणसांसाठी हा फरक लहान नाही.

परंतु या साऱ्या हिशेबाचा पाया "चार वर्षे चालली तर" या शब्दांवर आहे आणि ते चार वर्षांचे वचन मला देणार कोण? मिस्त्री प्रामाणिक आहेत, तीस वर्षांची ओळख आहे. तरीही दुरुस्तीचे काम त्यांनाच मिळणार होते. गाडी विकत मागणाऱ्याचा नफा ती स्वस्तात मिळण्यात होता. शहरातील शोरूममध्ये चौकशी केली, तेथील तरुणाने गाडी न पाहताच ती बदलण्याचा सल्ला दिला, कारण नवीन गाडी विकणे हे त्याचे काम. यांतील कोणी खोटे बोलत होता असे मी म्हणत नाही. ज्याचा माझ्या निर्णयात पैशाचा संबंध नाही, असा एकही जाणकार मला जिल्हाभरात सापडला नाही. ज्या एका ठिकाणी असा तटस्थ माणूस असतो, त्या आपल्या कार्यालयात मी आठ महिन्यांपूर्वी स्वतः गाडी घेऊन गेलो होतो आणि पाच हजार रुपये भरून आलो होतो.

शेवटी मी गाडी दुरुस्त केली. मिस्त्रींनी सीट काढली, गालिचा काढला, पत्रा कापत कापत चांगल्या भागापर्यंत गेले आणि प्रत्येक टप्प्यावर मला बोलावून दाखवले. लोअर आर्मच्या मागचा गंज वरवरचा निघाला. तो खोलवर असता तर काम तिथेच थांबवून गाडी मोडीत द्यायची, असे आमचे आधी ठरले होते. म्हणजे निर्णय खरा झाला तो पत्रा उघडल्यावर. तोपर्यंतची चर्चा अंदाजाची होती.

आमच्या शेजारच्या वाडीत एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. त्यांची गाडी माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान, पक्क्या शेडमध्ये ठेवलेली आणि जेमतेम चाळीस हजार किलोमीटर चाललेली. माझ्या मिस्त्रींनी तिचेही काम केलेले आहे आणि तिच्या तळाचा पत्रा नव्यासारखा होता असे ते आजही सांगतात. पंधरा वर्षे झाली की सरकार गाडी ओढून नेते, पेट्रोलसुद्धा मिळत नाही, असे बाईंना कोणीतरी मोबाइलवर आलेल्या संदेशातून दाखवले. मुदत संपायच्या दोन महिने आधी त्यांनी ती गाडी तीस हजारांना एका मध्यस्थाला देऊन टाकली. तो संदेश दिल्लीचा होता. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ मधील आदेशानंतर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१८ मधील आदेशानंतर दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर जी बंदी आली, ती दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरती होती. तेथेही ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले होते, मात्र डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढील प्रदूषण मानकांच्या गाड्यांपुरतेच ठेवले. महाराष्ट्रात खासगी गाडी केवळ पंधरा वर्षांची झाली म्हणून मोडीत काढायला लावणारा नियम नाही. केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये जुन्या गाड्या मोडीत काढण्याच्या ज्या धोरणाचा प्रारंभ केला, त्याच्या नावातच ऐच्छिक हा शब्द आहे. पण हे बाईंना कोणी सांगितले नाही. गाडी नूतनीकरणायोग्य आहे असा एक कागद त्यांच्या हातात असता, तर त्या संदेशाला त्या घाबरल्या नसत्या.

पुढची गोष्ट अधिक काळजीची आहे. ती गाडी बाजाराच्या दिवशी प्रवासी भरून जाताना बाईंनी स्वतः पाहिली. नोंद अजून त्यांच्याच नावावर आहे. गाडी विकली पण हस्तांतरणाची नोंद झाली नाही, तर अपघातानंतर नोंदणीकृत मालकच उत्तरदायी धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. बाई आता पासष्टीच्या पुढे आहेत आणि रात्री अनोळखी क्रमांकावरून फोन आला की त्यांना धास्ती वाटते. या नोंदीचे पुढे काय करायचे त्यासाठी मी त्यांना वकिलांकडे घेऊन गेलो आहे, तो विषय येथे वाढवत नाही.

धूर मोजायला आपण शिकलो आहोत, याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. माझ्या गाडीची पीयूसी दर सहा महिन्यांनी होते. कार्बन मोनॉक्साइड किती टक्के आणि हायड्रोकार्बन किती, हे आकडे कागदावर येतात, शेजारी मर्यादा छापलेली असते आणि मला स्वतःला समजते की माझी गाडी मर्यादेच्या किती जवळ आहे. मागच्या दोन कागदांवर हायड्रोकार्बनचा आकडा चढता दिसला, म्हणून मी स्पार्क प्लग बदलून घेतले आणि पुढच्या वेळी तो उतरला. मोजमाप हाती असले की सामान्य माणूस वेळेवर आणि योग्य खर्च करतो, याचे हे माझ्या घरातले उदाहरण आहे. मग ज्या ब्रेकवर माझा आणि समोरून येणाऱ्याचा जीव अवलंबून आहे, त्याचा आकडा कोणत्याच कागदावर का नसावा? डाव्या आणि उजव्या चाकाच्या ब्रेकच्या ताकदीत किती फरक आहे, स्टिअरिंगमध्ये किती ढिलेपणा आहे, तळाचा पत्रा कोठे पातळ झाला आहे, हे पंधरा वर्षांच्या गाडीच्या मालकाला कळायलाच हवे.

यंत्रे नाहीत असेही नाही. व्यावसायिक वाहनांच्या योग्यता तपासणीसाठी स्वयंचलित तपासणी केंद्रे उभी राहत आहेत. गाडीची चाके रोलरवर चढवून ब्रेकची ताकद मोजणे, चाकांची सरळ रेषा पाहणे, हेडलाइटचा झोत मोजणे, हे तेथे यंत्राने होते. या केंद्रांबाबत सप्टेंबर २०२१ मध्ये जे नियम झाले, त्यांतील एक तरतूद मला फार मोलाची वाटते. तपासणी केंद्र चालवणाऱ्याने वाहनांची दुरुस्ती, निर्मिती किंवा विक्री यांचे काम करायचे नाही. मी ज्या तटस्थ जाणकाराला आठवडाभर शोधत होतो, तो या तरतुदीत आहे. त्याच्याकडे खासगी गाडीच्या मालकाने स्वतःहून, पैसे भरून जावे आणि लेखी अहवाल घेऊन यावे, एवढा रस्ता मोकळा करून द्यायचा आहे.

माझा पुतण्या नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असतो. त्याच्या तेरा वर्षांच्या गाडीचा तपासणी अहवाल मी त्याच्याकडून मागवून वाचला. तेथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी ही तपासणी सक्तीची आहे, तिला एमओटी म्हणतात आणि ती १९६० पासून चालू आहे. अहवालात दोष धोकादायक, मोठा आणि किरकोळ अशा वर्गांत नोंदवतात. त्याशिवाय आज गाडी पास आहे परंतु अमुक भागावर लक्ष ठेवा, अशा सूचना वेगळ्या लिहितात. पुतण्याच्या अहवालात मागच्या ब्रेकच्या नळीवर गंज दिसू लागल्याची सूचना होती. त्याने पुढच्या पगारात ती नळी बदलून घेतली. गाडीचा क्रमांक टाकला की तिच्या मागच्या सर्व तपासण्यांचे निकाल कोणालाही पाहता येतात, त्यामुळे जुनी गाडी घेणारा डोळे झाकून घेत नाही आणि चांगली गाडी विकणाऱ्याला चांगली किंमत मिळते. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची अवस्था त्या तपासणीत येत नाही, हेही सांगायला हवे. ते काम मालकाचे आणि मिस्त्रीचे. राज्यकर्त्यांनी फक्त जिवाशी संबंधित भाग पाहायचे, ही विभागणी मला पटली. आपल्याकडे दरवर्षीची सक्ती लगेच आणावी असे माझे म्हणणे नाही. तसे केल्यास कार्यालयांवर भार पडेल आणि सक्ती आली की पैसे देऊन न तपासताच कागद मिळवण्याच्या वाटा निघतील, ही भीती मला आहे.

माझे मागणे लहान आहे. पंधराव्या वर्षी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी नूतनीकरणासाठी आपल्याकडे येतेच. त्या वेळी ती रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घ्यावी, तळ, ब्रेकच्या नळ्या, चाकांचे सांधे आणि सीट बेल्टचे पाये पाहावेत आणि जे दिसेल ते मराठीत एका पानावर लिहून मालकाच्या हाती द्यावे. ज्या दोषांनी जीव जाऊ शकतो, ते दुरुस्त होईपर्यंत नूतनीकरण थांबवावे. बाकीचे दोष सूचना म्हणून लिहावेत. पाच हजार रुपये शुल्क घेतल्यावर, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरील मोटारीसाठी दहा हजार रुपये केल्यावर, त्या पैशांत वीस मिनिटांची खरी तपासणी बसायला हरकत नसावी. गाडी दहा वर्षांची झाल्यावर ज्याला स्वेच्छेने अशी तपासणी करून घ्यायची असेल, त्यालाही ती शुल्क भरून मिळावी. पत्रा वाचवायचा असेल तर दहावे वर्ष महत्त्वाचे असते. माझ्या गाडीतली ती पाण्याची वाट दहाव्या वर्षी कोणी दाखवून दिली असती, तर हाताने पाने काढून काम झाले असते आणि चौतीस हजारांचे वेल्डिंग कदाचित टळले असते.

स्वयंचलित केंद्रे प्रत्येक तालुक्यात पोहोचायला वेळ लागेल, हे मी जाणतो. तोपर्यंत शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा विचार व्हावा. मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम अनेक संस्थांमध्ये शिकवला जातो, तेथे कार्यशाळा असते आणि शिकवणारे निदेशक या विषयातले असतात. आठवड्यातील एक दिवस ठरवून निरीक्षकांच्या देखरेखीखाली तेथे तपासणी ठेवली, तर साठ-सत्तर किलोमीटरवरून येणाऱ्या माणसाचा फेरा वाचेल आणि मुलांना खऱ्या गाड्यांचा खरा गंज पाहायला मिळेल. माझ्या अनेक विद्यार्थ्यांनी या संस्थांत शिक्षण घेतले आहे. त्यांच्यातील काही आज उत्तम फिटर आहेत आणि त्यांच्या नजरेवर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो.

ज्याच्या गाडीचा अहवाल वाईट येईल, त्याची वाटही सोपी असावी. नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत दिली तर सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र, मिळते आणि त्यावर नवीन खासगी गाडीच्या करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राने ऑक्टोबर २०२१ मध्ये केली आहे, हे आमच्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. नवीन गाडी घ्यायचीच नसेल तर ते प्रमाणपत्र दुसऱ्याला हस्तांतरित करता येते, हे त्याहून थोड्यांना. परिणामी लोक गाडी दारातून वजनावर भंगारवाल्याला देतात आणि नोंद रद्द करायची राहून जाते. गाडी नष्ट झाली तर मालकाने चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे असे अधिनियमाच्या कलम ५५ मध्ये आहे, पण ते मालकाला कळणार कसे? नूतनीकरणाच्या अर्जासोबत दोन पानांचे माहितीपत्रक दिले तरी पुष्कळ होईल. दर चार-सहा महिन्यांनी तालुक्याच्या ठिकाणी मोडीच्या गाड्या कागदपत्रांसह स्वीकारण्याचा एक दिवस ठेवता आला, तर गावोगाव वेलींनी झाकलेल्या गाड्या मार्गी लागतील. माझ्या शाळेच्या रस्त्यावरच अशा तीन उभ्या आहेत. एकीत दर पावसाळ्यात पाणी साठते आणि आरोग्यसेविका तेथे येऊन डासांच्या अळ्या पाहून जातात.

जुन्या गाडीच्या प्रेमापोटी मी हे लिहितो आहे असा समज होऊ नये. प्रेम आहे. मुलीला बाळंतपणासाठी याच गाडीतून आणले, वडिलांना शेवटचे रुग्णालयात नेले तेही यातूनच. तरी माझ्या गाडीला एअरबॅग नाही आणि जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणाही नाही. एबीएस २०१९ च्या एप्रिलपासून आणि चालकासमोरची एअरबॅग त्याच वर्षीच्या जुलैपासून नव्या गाड्यांत सक्तीची झाली, हे मला ठाऊक आहे आणि दुरुस्तीच्या कितीही खर्चाने त्या गोष्टी माझ्या गाडीत येणार नाहीत. म्हणून दुरुस्तीनंतर आम्ही ती महामार्गावर नेत नाही. बाजार, बँक, तालुक्याचे रुग्णालय आणि पत्नीच्या माहेरचे गाव एवढाच तिचा वापर, तोही दिवसाउजेडी. मुंबईला आम्ही एसटीने किंवा रेल्वेने जातो. ज्याला रोज शंभर किलोमीटर जायचे आहे किंवा लहान मुले घेऊन घाट ओलांडायचा आहे, त्याने पत्रा कितीही चांगला असला तरी अशी गाडी बदलावी, असेच मी सांगेन. गाडीची अवस्था आणि तिचा वापर या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावरच उत्तर निघते. वापर मालकाला ठाऊक असतो. अवस्था कळण्यासाठी त्याला आपली मदत हवी आहे.

गेल्या वर्षी उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवण्यासाठी मी सातशे पंचेचाळीस रुपये आणि त्यावरील कर भरला. पाटी बसवणाऱ्या मुलाने जुनी पाटी काढली, तेव्हा तिच्या मागचा पत्राही गंजलेला निघाला. तेवढा भाग मिस्त्रींनी आणि मी दोघांनीही पाहिलेला नव्हता. तेव्हापासून या पत्राचा मसुदा माझ्या मनात होता.

फेब्रुवारी २०२८ मध्ये माझ्या गाडीला वीस वर्षे होतील आणि मी पुन्हा आपल्या कार्यालयाच्या आवारात उभा असेन, किंवा त्याआधीच ती नोंदणीकृत केंद्रात देऊन टाकलेली असेल. यांतील काय करायचे ते मी तळाचा अहवाल वाचून ठरवू इच्छितो. आपल्या खात्याने अशी तपासणी प्रायोगिक स्वरूपात कोठेही सुरू केली, तर पहिली गाडी म्हणून माझी घ्यावी. मिस्त्रींनी केलेल्या कामाची तारीखवार वही आणि कापून काढलेल्या पत्र्याचे दोन तुकडे मी जपून ठेवले आहेत, तेही सोबत आणीन. गाडी उचलताना पुढच्या डाव्या दाराखाली मात्र जॅक लावू नये. त्या बाजूच्या पट्टीचा मधला वीतभर भाग अजून जुनाच आहे.

आपला विश्वासू,
कोकणातील एक वाहनमालक